शेजारच्या टेबलावरचं पुस्तक

उत्तमरावांच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक घडीची पाटी उभी होती. तिच्या एका बाजूला ‘उपलब्ध’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वाचनात’ असं लिहिलेलं होतं, आणि दार उघडल्यापासून ती एकदाही फिरवली गेली नव्हती. पंख्याच्या वाऱ्यानं पाटी हळूहळू सरकत टेबलाच्या कडेला जायची, आणि उत्तमराव तिला बोटानं परत मधे आणायचे. समोरची खुर्ची रिकामी होती. नुसत्या रिकाम्या खुर्चीचं त्यांना काही वाटलं नसतं. सुरुवातीला पोरं बुजतात, कोणत्याही वर्गात बुजतात, मास्तरानं घाई करायची नसते. पण मधल्या बुटक्या मांडणीच्या वरून, नवीन आलेल्या पुस्तकांच्या डोक्यावरून, त्यांना पलीकडचं टेबल दिसत होतं. तिथली पाटी ‘वाचनात’ होती. एक मुलगी उठली की दुसरी बसत होती, पाटी फिरवायला कुणाला सवडच मिळत नव्हती, आणि भिंतीकडच्या बाकावर आणखी तिघी-चौघी एकमेकींना खेटून थांबलेल्या होत्या. त्या टेबलामागे हिरव्या काठाचं सुती पातळ नेसून, डोक्यावरचा पदर सावरत बसलेली बाई म्हणजे त्यांची बायको तानुबाई.

नवं सत्र सुरू झालं की विद्यापीठाच्या उपकेंद्राचं हे ग्रंथालय पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दरवर्षी एक दिवस भरवायचं. एरवी त्यात फारसं काही नसायचं. कार्ड कसं काढायचं, पुस्तक उशिरा आणलं तर दंड किती, मोबाइल कुठे बंद करायचा, झालं. यंदा ग्रंथपाल नवीन होती. यास्मीन तिचं नाव, मलकापूरची, तिशी नुकती ओलांडलेली, गळ्यात किल्ल्यांची दोरी घालून दिवसभर चालत असणारी. तिनं आल्या आल्या कुलूपबंद कपाटं उघडून पुस्तकं उघड्या मांडणीवर आणली. भिंतीवर नव्या सोयींचे तक्ते लावले: परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी, दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक मागवून घेता येईल, ज्यांना दिसत नाही त्यांना संगणक वाचून दाखवील, विकत घेऊ न शकणाऱ्यांना पूर्ण सत्रासाठी पुस्तकांचा संच. आणि या सगळ्याच्या मधोमध तिनं माणसांचं ग्रंथालय मांडलं. गावातली माणसं पुस्तक होऊन बसतील. मुलांनी कार्ड दाखवून माणूस घ्यायचा, वीस मिनिटं त्याला वाचायचं, म्हणजे विचारायचं आणि ऐकायचं, आणि परत करायचा. नियम तिनं दारावरच लावले होते. पुस्तकाला काहीही विचारा. पुस्तकाला नको असेल तर ते पान उघडणार नाही. पुस्तक फाडू नका.

यास्मीन घरी आली ती उत्तमरावांकडेच आली होती. हे त्यांचं सकाळपासून स्वतःला दोन-तीनदा सांगून झालं होतं. दीपकच्या, म्हणजे मुलाच्या नोकरीमुळे ते सोनाळ्याहून बुलढाण्याला आले, आणि आल्यापासून रोज या ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला येत होते. यास्मीन त्यांना नमस्कार करायची, कधी एखादा जुना शब्द विचारायची. “सर, तुम्ही पुस्तक व्हाल का?” असं तिनं विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले नाहीत, चष्मा पुसत राहिले, पण आतून त्यांना बरं वाटलं होतं. रात्री त्यांनी मुद्दे काढले. संग्रामपूर तालुक्यातल्या तीन शाळा, एक पत्र्याची, एक देवळातली, एक झाडाखालची. न मारता शिकवण्याचे अनुभव. चिंचोक्यांवरून भागाकार. आणि सर्वांत शेवटी, सगळ्यांत चांगलं म्हणून राखून ठेवलेलं: चवथीतून शाळा सुटलेल्या बायकोला आपण लग्नानंतर कंदिलाच्या उजेडात पुन्हा वाचायला कसं शिकवलं. हा प्रसंग त्यांनी सत्कारात सांगितला होता, निरोप समारंभात सांगितला होता, आणि दर वेळी समोरची माणसं शेवटी तानुबाईकडे वळून पाहायची. तानुबाई खाली पाहायची. ते खाली पाहणं त्या गोष्टीचाच भाग होऊन गेलं होतं.

तानुबाईला बोलावलं ते ऐन वेळी. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर जानराव येणार होते, त्यांचा गुडघा सुजला. यास्मीनचा फोन आला, “सर, काकू येतील का?” उत्तमराव फोनवर हसले होते. “अगं, ती काय बोलणार? तिला सवय नाही. कुणी विचारलं तरी माझ्याकडेच पाहते.” मागे तानुबाई मेथी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “येईन मना तिले.” पुस्तकाचं नाव काय द्यायचं, असं यास्मीननं विचारलं, तर ही म्हणाली, “नाव कायले पाह्यजे? तानुबाई लिव.” आता मांडणीपलीकडे पाटीखाली तेवढंच लिहिलेलं होतं, तानुबाई. उत्तमरावांच्या पाटीखाली त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होतं: ‘फळा, खडू आणि मी : एका शिक्षकाची वाटचाल’. अक्षर सुंदर होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांची अक्षरं आजही ओळखू येतात, इतकं ते अक्षर पक्कं होतं.

“गुर्जी,” डाव्या हाताच्या टेबलावरून युसूफभाई म्हणाले. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेला हा माणूसही आज पुस्तक होता. त्यांचं दोनदा वाचन झालं होतं आणि आता ते चहा पीत होते. “धूळ बसून राह्यली तुमच्यावर. झटकून देऊ का?”

“बसू द्या,” उत्तमराव म्हणाले. “जाडं पुस्तक उचलायला वेळ लागतो.”

“जाडं नाही हो. तुमी संदर्भ विभागातलं. असं पुस्तक नुसतं पाह्यतेत, घरी नेत नाहीत.” आणि मग मांडणीकडे हनुवटी करून, आवाज खाली न आणता, “भाभीची तं आवृत्ती संपली आज.”

उत्तमराव हसले. हसताना गाल ताणले गेले तेवढेच जाणवले. तिसरीच्या पुस्तकात मत्सर हा शब्द होता. पोरं अर्थ विचारायची तेव्हा ते सांगायचे, दुसऱ्याच्या ताटातलं पाहून आपला घास गोड न लागणं. पोरांना पटायचं, कारण पोरांना ताट कळतं. पण हे ताट दुसऱ्याचं कुठे होतं? पन्नास वर्षं ज्या ताटात ते जेवले तेच हे ताट. आणि तरी पोटात वर, छातीच्या खाली, काहीतरी आंबट आणि बारीक सुरू झालं होतं, आणि ते त्यांच्या ओळखीचं होतं. सोनाळ्याच्या शाळेत दोन वर्गांच्या मधे नुसतं टिनाचं पार्टिशन होतं. इकडे उत्तमराव, तिकडे भागवत गुरुजी. भागवत गुरुजींना हिशेब धड येत नसे, ते फळ्यावर चुका करत, आणि पोरं त्या चुका काढून हसत. टिनापलीकडून ते हसणं एकदम उसळायचं. इकडची पोरं मान न वळवता कानांनी तिकडे जायची, हे उत्तमरावांना त्यांच्या मानांवरून कळायचं. ते थांबायचे. रागवायचे नाहीत, कधीच नाहीत. हसणं विरेपर्यंत खडू हातात धरून उभे राहायचे, आणि खडू ओला व्हायचा. आत्ता मांडणीपलीकडे मुली तशाच हसल्या, आणि त्यांनी आपला तळवा पँटला पुसला.

एक मुलगा आला. पाठीवर पिशवी, ओठांवर नुकती कोवळी मिशी. उत्तमराव सरळ बसले, पाटी फिरवायला त्यांनी हात पुढे केला. “सर, इथं खाली चार्जिंगचा पॉइंट आहे ना?” मुलगा म्हणाला. “चार्जर लावू का?” तो समोरच्या खुर्चीत बसला. उत्तमरावांनी ठरवलं, मूल कशाही निमित्तानं बसलं तरी बसलेलं मूल आपलं. त्यांनी झाडाखालच्या शाळेपासून सुरुवात केली. मुलगा “हाव सर”, “हाव सर” म्हणत होता आणि मधून मधून टेबलाखाली वाकून पाहत होता. देवळातल्या शाळेपर्यंत ते आले, पुजारी आणि पाढे यांची वेळ एकच असायची ही गंमत त्यांनी सांगितली, मुलगा खरोखरच हसला, आणि मग वायर काढून गुंडाळत म्हणाला, “झालं सर वीस टक्के. येतो.” दारापाशी त्यानं मित्राला विचारलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. “त्या आजीचा नंबर लागला का बे?”

काय सांगत असेल ती? सकाळपासून त्यांनी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, मग ऐकू येत नाही म्हणून अस्वस्थ झाले होते, आणि आता त्यांनी खुर्ची थोडी, पंख्याखाली यायचं म्हणून, मांडणीकडे सरकवली. तिचा आवाज घरच्यासारखाच होता. उंच नाही, घाईत नाही. पण घरी ती वाक्य अर्ध्यावर सोडते आणि उरलेलं ते पुरं करतात. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर तिला विचारतात आणि उत्तर ते देतात, कुठे दुखतं, कधीपासून, कसं. बँकेतही तेच. तिला लवकर सुचत नाही, असं ते म्हणायचे. इथे ती वाक्यं पुरी करत होती. त्यांना वाटलं, आता येईल. सोनाळा येईल, भाड्याची खोली येईल, कंदील येईल. तिच्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काय आहे? पुढच्या मुलीनं विचारलंच, “आजी, तुम्ही शिकल्या किती?” उत्तमराव पुढे वाकले. “चवथी,” तानुबाई म्हणाली. “पेपर वाचता येते.” आणि लगेच, जणू मधलं दार उगाच उघडलं होतं ते लावून घ्यावं तशी, “तं मी काय सांगून राह्यली होती? विहीर. आमच्या वावरातली विहीर मोठी होती, पायऱ्यांची.”

विहीर त्यांना माहीत होती. सासरेबुवांच्या शेतातली विहीर, कुणाला माहीत नाही? लग्नानंतर पहिल्या सणाला ते तिथे गेले होते, काठाशी उभे राहून आत डोकावले होते आणि लगेच मागे झाले होते. पाण्याचं त्यांना भय होतं. ते त्यांनी कधी लपवलं नाही, उलट मुलांना सांगायचे, भय असावं, भय म्हणजे अक्कल. पलीकडे तानुबाई सांगत होती, “बापाले मायीत नव्हतं. दुपारी समदे जेवून लवंडले का मी जात जाओ. पाठीले तुंबा बांधायचा, वाळलेला, पोकळ. तो बुडू देत नाही ना. पह्यल्या दिवशी पायरी सोडाले मले काही हिंमत झाली नाही. मंग सोडली. तं असं वाटलं का खालून कोनीतरी मले उचलून राह्यलं.” ती थांबली. मुलीही थांबल्या. “मंग रोजच. वरून उडी मारे मी. आतमंदी हिरवं दिसते, अन् कानात आपलंच रगत वाजते.” एक मुलगी म्हणाली, “बापरे, आजी.” आणि तानुबाई हसली. मोठ्यानं नाही. पण ते हसणं उत्तमरावांनी ऐकलेलं नव्हतं.

पन्नास वर्षांत ऐकलेलं नव्हतं. ते आठवू लागले, म्हणजे वर्गात हरवलेली वही शोधावी तसं एकेक बाक पाहू लागले. वाण नदीच्या डोहावर त्यांनी शाळेची सहल नेली होती. तानुबाई सोबत होती, लग्नाला वर्षही झालं नसेल. त्यांनी मुलांना काठावर रांगेत बसवलं, पाणी वरून सपाट दिसतं पण खाली कसं एकदम खोल होतं ते काठी बुडवून समजावलं, आणि कुणी पुढे जाऊ नये म्हणून एक दोर धरायला लावला. दोराचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं तानुबाईच्या. “तूही पुढे जाऊ नकोस,” ते तिला म्हणाले होते, आणि तिनं मान हलवली होती. पुढे सगळे भाकरी खायला बसले तेव्हा ती एकटी दगडावर बसून होती, आणि तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. हात धुते आहे असं त्यांना वाटलं. बराच वेळ धुते आहे, असंही वाटलं असेल. “ये, शिळं होईल,” असं त्यांनी हाक मारून सांगितलं होतं. आता बाकावरच्या त्या मुलींना, ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती, तिनं पाण्याच्या आतला रंग सांगितला होता. त्या मुली घरी जाऊन जेवतील, विसरतील, मोबाइल पाहतील. त्यांच्या हातात फुकट पडलं होतं ते.

दुपारी चहाला सगळी पुस्तकं उठली. तानुबाई उठली नाही, तिच्याभोवती मुलींनीच चहा आणला. उत्तमराव प्रदर्शनाकडे गेले. यास्मीननं दाराजवळ काचेचं कपाट ठेवलं होतं, आणि प्रत्येक पुस्तकानं आपली एक वस्तू त्यात द्यायची होती. युसूफभाईंच्या क्लॅरिनेटचं तोंड होतं. उत्तमरावांची पितळी घंटा होती, ती ते आज सकाळी चिंचेनं घासून घेऊन आले होते. आणि तिच्या बाजूला तो तुंबा. तो त्यांच्या स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेला असायचा, सोनाळ्यालाही होता, इथेही आणला होता. तानुबाई त्यात दोडक्याच्या, वालाच्या बिया ठेवायची. घरून निघताना ती तो काढू लागली तेव्हा उत्तमरावांनीच कौतुकानं म्हटलं होतं, “छान, मुलांना हे माहीतच नसेल.” आणि चिठ्ठीही त्यांनीच लिहून दिली होती. ‘तुंबा. वाळवून पोकळ केलेला भोपळा. ग्रामीण भागात बियाणे साठवण्यासाठी उपयोग.’ लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, “बियाण्याचाच ना?” तिनं म्हटलं होतं, “लिवा तुमच्या मनानं.” त्यांना तो होकार वाटला होता. आता त्यांच्या त्या सुंदर अक्षरावर कुणी काही खोडलं नव्हतं. यास्मीननं खाली नुसती दुसरी चिठ्ठी लावली होती. ‘पोहायला शिकताना पाठीवर बांधायचा. — तानुबाई’. दोन मुलं काचेला नाक लावून दोन्ही चिठ्ठ्या वाचत होती. “म्हंजे पयले पोहायले अन् मंग बियायले,” एक म्हणाला. दुसरा म्हणाला, “वरची चिठ्ठी कोनं लिवली?” उत्तमराव तिथून सरकले.

यास्मीन किल्ल्या वाजवत आली. “सर, तुमच्याकडे कुणी आलं की नाही? थांबा, मी पाठवते.” त्या ‘पाठवते’नं त्यांचा चेहरा तापला. “अगं, येतील,” ते म्हणाले. “त्यांना हवं ते वाचू दे. वाचनाची सक्ती करू नये.” हे त्यांचं खरंच मत होतं, आयुष्यभराचं. यास्मीन म्हणाली, “काकूंना सगळ्या पुन्हा बोलवा म्हणतायत. तुम्ही घरी किती मजा करत असाल, नाही? रोज ऐकायला मिळतं.” उत्तमराव म्हणाले, “हो ना.”

तिसऱ्या प्रहरी एक मुलगी खरंच आली. बारीक, चष्मा लावलेली, कार्ड नवं कोरं. तिनं ते नीट टेबलावर ठेवलं. “समता,” ती म्हणाली. “पहिलं वर्ष, इतिहास.” उत्तमरावांनी पाटी फिरवली. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या बोटांना ती फिरवताना हलकं वाटलं. मुद्दे खिशात होते, त्यांनी काढले नाहीत. “बोल, कुठून सुरुवात करू?” मुलगी थोडी अवघडली. “आजोबा, राग नका मानू. आजीचा नंबर आता लागत नाही, खूप जणी आहेत. मॅडम म्हणाल्या की तुम्ही त्यांचे मिस्टर. तर त्यांच्याबद्दल तुम्हीच सांगता का? माझ्या मैत्रिणीनं ऐकलं, पण ती सगळं गाळून सांगते.”

त्यांनी राग मानला नाही. मुलाचा प्रश्न चांगला असला की त्यांना राग येतच नसे, आणि हा प्रश्न चांगला होता. त्यांनी घसा साफ केला आणि ठरलेल्या जागेवरून सुरुवात केली, सोनाळ्याची खोली, कंदील, पाटी, तिचा हात धरून गिरवून घेतलेली अक्षरं. समता ऐकत होती. ती चांगली ऐकणारी होती, अशी एक मुलगी वर्गात असली तरी वर्ष निभतं. त्यांचं पुरं झाल्यावर ती म्हणाली, “छान. पण आजोबा, हे तुमच्याबद्दल झालं.” ती उद्धटपणे म्हणाली नाही, फुलपात्र पालथं पडलं होतं ते सरळ करावं, तसं म्हणाली. “त्यांनी पोहणं का सोडलं? मैत्रिणीनं विचारलं तर त्या नुसत्या ‘सुटलं’ म्हणाल्या.”

मूल अडलं की थांबायचं. उत्तर आपण द्यायचं नाही, त्याच्या तोंडात घालायचं नाही, त्याला वेळ द्यायचा. ही गोष्ट उत्तमरावांनी किती नव्या मास्तरांना शिकवली होती. समता थांबली. तिनं घाई केली नाही, घड्याळ पाहिलं नाही, चष्म्यातून शांतपणे त्यांच्याकडे पाहत राहिली. आणि ते, बाकावर उभं केलेल्या पोरासारखे, समोरच्या पुस्तकांच्या पाठी वाचत राहिले. मांडणीपलीकडे पुन्हा विहीर सुरू झाली होती. “मला माहीत नाही,” ते शेवटी म्हणाले. मुलीनं मान हलवली, आभार मानले, कार्ड उचललं. पाटी तिनं जाताना स्वतःच ‘उपलब्ध’ अशी फिरवून ठेवली.

संध्याकाळी यास्मीननं दोघांना ऑटोत बसवून दिलं. तानुबाईच्या मांडीवर पोरींनी दिलेला पेनांचा डबा होता. घाटाकडून वारा येत होता, थंड. “थकलीस?” उत्तमरावांनी विचारलं. “नाही,” ती म्हणाली. “तुमचं झालं का वाचन?” “झालं. एक चांगली मुलगी आली होती.” “मंग बरं,” तानुबाई म्हणाली, आणि तिच्या त्या ‘बरं’मध्ये त्यांना कीव ऐकू आली. तिनं ती घातलीही नसेल. थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, “मला सांग ना. विहिरीचं.”

“काऊन? पेपर तपासायचा आहे का?”

“नाही. सांग.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहत सांगायला सुरुवात केली. बापाले मायीत नव्हतं. दुपारी समदे लवंडले का मी जात जाओ. उत्तमराव ऐकत होते आणि त्यांच्या आतलं ते बारीक आंबट पुन्हा वर येत होतं, कारण शब्द तेच होते. ‘खालून कोनीतरी उचलून राह्यलं’ इथे ती थांबत होती, सकाळी थांबली होती तशीच. ‘वरून उडी मारे मी’ इथे हात तेवढाच वर येत होता. दिवसभर इतक्या जणींना सांगून त्या गोष्टीला घडी पडली होती, पाठ झालेल्या धड्यासारखी ती गुळगुळीत झाली होती. पहिल्यांदा कुणी ऐकली असेल? कोणती मुलगी होती ती, आकाशी ओढणीची की वेणीवाली? तिच्यासमोर तानुबाईला शब्द शोधावे लागले असतील, चुकले असतील, पहिल्यांदा हसू आलं असेल. ते पहिलं सांगणं त्या मुलीकडे गेलं होतं. आपल्या वाट्याला शेवटचं आलं. मास्तर माणसाला हे कळतं; एकच धडा चार तुकड्यांना शिकवला की पहिल्या तुकडीला ताजा मिळतो.

तिनं मघाशी सांगितलेला पाठीवरचा तुंबा मनात आला तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली, साधी, हाताची. त्यांनी आपला हात किंचित मागे, कमरेकडे नेऊन पाहिला. आयुष्यभर त्यांनी प्रश्न विचारले होते, पण उत्तर माहीत असलेलेच. हा विचारताना त्यांचा आवाज वेगळा झाला.

“तुंबा पाठीला बांधायचीस ना? मागे गाठ कोण मारायचं?”

तानुबाई बोलायची थांबली. ही थांबण्याची जागा नव्हती. ऑटो एका गतिरोधकावरून गेला, डब्यातली पेनं वाजली.

“हे कोनी नाही इचारलं,” ती म्हणाली. आणि डब्याचं झाकण दाबत, “ज्ञानेश्वर मारे.”

हे नाव त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते थांबले. त्यांना थांबता येत होतं.

“शेजारच्या वावरातला,” तानुबाई म्हणाली. “माह्याच वयाचा. मोठा बोलनारा नव्हता. एक दिस त्यानं मले सांगतलं नाही, नुसता दोर बांधला, तुंबा बांधलाच नाही. मी मधात जाऊन मांगं पाह्यलं तं तुंबा काठावर, त्याच्या हातात.” ती आता शब्द शोधत होती. “मी मनलं, अरे, तं तो तिकडून हसून राह्यला. मंग मी बिना तुंब्याचीच आली. वर आली तं त्यानं तुंबा मले देल्ला. मने, घरी ने, तुह्या आता कामाचा नाही.”

असंच शिकवायचं असतं. उत्तमरावांच्या मनात हे आपोआप आलं. आधार कधी काढून घेतला ते मुलाला कळू द्यायचं नसतं, आणि कळेल तेव्हा आपण काठावर दिसलो पाहिजे. हे त्यांना जमायला बरीच वर्षं लागली होती. त्या पोराला, पंधरा वर्षांच्या, न बोलणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या पोराला ते येत होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“मग?” त्यांनी विचारलं.

“मंग काय. मंग माह्यं लगन झालं.”

दिवसभर ते खुर्ची सरकवून, कान लावून ज्याची वाट पाहत बसले होते ते वाक्य हेच होतं. त्यात ते होते. ऑटो चिखली रोडला वळला, दिवे लागत होते. तानुबाईनं वाऱ्यानं उडणारा पदर दातांत धरला, सोडला, नीट केला. मग उत्तमराव म्हणाले,

“हे त्या पोरींना नाही सांगितलंस.”

“कसं सांगीन?” तानुबाई म्हणाली. “तुमी तिथंच बसेल होते ना.”